पिलं

सावद्याच्या वकिलानं विचारलं,
"तोताराम अप्पा, आधी वारस लिहू की आधी दान?"
मी म्हटलं, आधी चहा सांग.

सव्वापाच एकर केळी.
त्यातली विहिरीकडची दीड
सातपुड्यातून येणाऱ्या पोरांच्या वसतिगृहाला द्यायची,
तीन वर्षं मनात आहे.
त्यांच्या बापांनी माझे घड खांद्यावर वाहिले,
चिकानं काळे पडलेले सदरे
पुन्हा कधी पांढरे झाले नाहीत.
दान कसलं,
मजुरीत मोजायचं राहून गेलेलं काहीतरी.

चाकणहून हेमराज फोनवर म्हणाला,
"पुण्य करा अप्पा, पण विहीर सोडून."
खोटं नाही बोलला.
त्याचे हप्ते मला पाठ आहेत.
विहिरीशिवाय उरलेली जमीन म्हणजे
मिठाशिवायचं भरीत.

रात्री बागेत गेलो.
केळीला घड एकदाच,
बुंध्याशी पिलं मात्र सात-आठ.
सगळी ठेवली तर घड बारीक,
सगळी कापली तर पुढच्या साली बाग नाही.
विळा घेऊन पन्नास वर्षं हेच ठरवत आलो,
चालता चालता, बिडी ओढत.
कागदावर मात्र हात अडतो.

सकाळी कोकिळा म्हणाली,
"मले काही नको, अप्पा.
हक्कसोड लिहून देते,
माझं वसतिगृहाला जाऊ द्या."

पोटात खड्डा पडला.
रावेरच्या तहसिलीत द्वारकाआक्कानं
अशीच सही केली होती,
एका पातळावर, हसत हसत.
पेन मी दिला होता. माझाच.

"नाही," मी म्हटलं,
"माझं पुण्य तुझ्या ताटातलं नको."

मग लिहून घेतलं:
विहीर सामाईक, पाणी पाळीनं.
वसतिगृहाला एकच एकर.
भाऊ-बहिणीला सारखं.
दीडातला अर्धा वाचला, तो आक्काच्या नावे.
आक्का तर गेली.
तिच्या नातीच्या नावे मग, भुसावळला नर्सिंग शिकते ती.

हेमराज अजून बोलत नाही.
वसतिगृहाचे सर "फार उपकार" म्हणाले,
पण बांध दोनदा मोजून गेले.

वकिलानं पेन थांबवला.
"हा अर्धा एकर दानात धरू की वारसात?"
"परत, असं लिही."
"असा रकाना नसतो, अप्पा."

मग समासात लिही.
जागा आहे तिथं.