सहा फ्रेमांची सवलत

कडा संपल्यावरही सहा फ्रेम
मी माझ्या पोरीला पडू देत नाही.
पायाखाली काही नसतं, तरी बटण दाबलं
की उडी लागते.
सेकंदाचा दहावा हिस्सा.
खेळणाऱ्याला वाटतं, आपणच वेळेत होतो.
वाटू दे.

ताइनाला हे पटत नाही.
ती सव्वीस वर्षांची, गणितात माझ्यापेक्षा वरचढ.
म्हणते, मग कळू दे ना त्यांना,
कोपऱ्यात एक चांदणी चमकवू : थोडक्यात वाचलात!
मी म्हणते, नको गं.
बोलून दाखवलेला उपकार
घशाखाली उतरत नाही.

सांतारेंमध्ये, तापाजोस नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
जुसेलियाबाईंचं दुकान होतं.
पुढे रबरी चपला,
मागे पडद्याआड चार टीव्ही,
त्यातल्या एकाला हिरवा रंगच दिसायचा नाही,
त्यावर जंगलं जांभळी.
आईने मला पाठवलं होतं एडव्हानला जेवायला बोलवायला.
एडव्हान घरी गेला.
मी राहिले.

कार्ट्रिज जपानी. अक्षर एक कळायचं नाही.
राजा सिंहासनावरून लांबलचक बोलायचा
आणि रोनिल्दो त्याचं भाषांतर करायचा :
'तुझ्या काकाने बोटीचे पैसे बुडवले,
म्हणून राजकन्या रुसून गुहेत गेली आहे,
येताना बर्फ आण, मासे खराब होतायत.'
पुढे मोठेपणी मी खरा मजकूर वाचला.
राजा म्हणत होता : उत्तरेला जा. पूल ओलांड.
एवढंच.
आमचा राजा बरा होता.

म्हणून माझ्या नकाशावर सोनेरी बाण नसतो.
माणूस चुकला तर चुकू दे,
चुकलेल्या वाटेवर मी त्याच्यासाठी
निदान एक बेडूक तरी ठेवते.

तिसऱ्या टप्प्यात एक दार होतं, न उघडणारं.
तीन वर्षं आम्ही त्याला धडका दिल्या,
बॉम्ब लावले, त्याच्यासमोर नाचलो,
एडव्हानने तर टीव्हीला हात जोडले.
मग हे काम शिकले, तो खेळ आतून उकलून पाहिला.
दारामागे काही नव्हतं. भिंतीवर काढलेलं चित्र.
राग आला नाही.
तीन वर्षं आत काय काय होतं ते आम्हाला माहीत होतं.
आता माझ्या प्रत्येक खेळात असं एक दार असतं.
तपासणारे चूक म्हणून नोंदवतात, क्रमांक दोनशे चौदा.
मी शेरा मारते : असू दे.

पण सांगत होते ते जुसेलियाबाईंचं.
अर्ध्या तासाला एक नाणं,
आणि वेळ मोजायला स्वयंपाकघरातलं घड्याळ,
लाल, टोमॅटोच्या आकाराचं.
बाईंनी कंट्रोलर कधी हातात धरला नाही.
पडद्यावर राक्षस आहे की रेडे, त्यांना पत्ता नसायचा.
त्या आमच्या माना बघायच्या.
मान ताठ, श्वास अडकलेला, खांदे कानाशी,
की फडकं घेऊन यायच्या, टोमॅटो उचलून पुसायच्या
आणि पुसता पुसता
किंचित मागे फिरवायच्या.
तीन मिनिटं.
चौथं कधीच नाही.

गेल्या वर्षी बोटीच्या धक्क्यावर भेटल्या, काठी टेकत.
मी विचारलंच.
म्हणाल्या, 'छे, त्याची स्प्रिंग ढिली होती.'
आणि चपलांचा भाव किती वाढलाय
त्यावर बोलत राहिल्या.

आज ताइना विचारते,
सहाच का? पाच का नाहीत, आठ का नाहीत?
मी म्हणते, स्प्रिंग ढिली आहे.
ती माझ्याकडे बघते, मग पडद्याकडे,
कड्यावरून धावत सुटते,
सातव्या फ्रेमला दाबते, पडते,
मला एक सणसणीत शिवी हासडते
आणि पुन्हा सुरू करते.
तिची मान बघत मी मागे उभी आहे.
हातात फडकं नाही, एवढंच.