दोन नंबर

फळी फिरव, डेल्फिस कोमो म्हणतो,
शिक्का नेहमी पलीकडच्या अंगाला असतो.
मी फिरवते. हातमोज्यांत बर्फाचं पाणी,
खाली सेंट मेरीच्या उपसागराला ओहोटी,
होड्या चिखलात कुशीवर.

वाच.
वाचते : डावीकडे तपासनिसांचं चिन्ह,
मग गिरणीचा आकडा,
कुठल्या गावच्या करवतीखालून आली, ते.
मग तीन अक्षरं, तीन झाडांची :
स्प्रूस, पाइन, फर.
यातलं नेमकं कुठलं?
गिरणीलाच ठाऊक नाही.
जंगलात वेगळी होती, चळतीत एक आडनाव.

आणि हे?
भट्टीत वाळवलेली. गाभ्यापर्यंत छप्पन्न अंश, अर्धा तास;
कीड, अंडी, सगळं मेलं.
‘ओली’ म्हणणारा शिक्का असेल तर भिंतीला घेऊ नकोस.
आत बसल्यावर वाळते, आकसते, मुरडते,
खिळे सोडते,
आणि बोल सुताराला लागतो.

हिरवट फळीच्या टोकाला चिठ्ठी असते,
स्टेपलने टाचलेली, बोटभर.
जमिनीला टेकायची की अधांतरी राहायची
ते तिच्यावर लिहिलेलं.
औषध कातडीपुरतंच मुरतं, बघ,
कापलीस की आत कोरं लाकूड.
कापल्या टोकाला ब्रश लाव. विसरायचं नाही.
मी एकदा विसरले.
त्याने पुरलेला खांब माझ्याकडून उपसून घेतला,
एक शब्द न बोलता.

झेनोबीबाईंचा जुना सज्जा आम्ही तोडला,
चिठ्ठ्या केव्हाच गळून गेलेला, हिरवा विटून राखाडी.
बाई म्हणाल्या, चुलीपुरते तुकडे ठेवा.
डेल्फिसने एकही ठेवला नाही.
यात आर्सेनिक असतं, बाई.
सुक्याबरोबर ओलं जळतं ते ठीक,
ह्याच्याबरोबर माणूस जळतं.

मग मे महिन्यात त्याच्याच घराचं काम निघालं.
माळ्यावरची तुळई, आजोबांनी कुऱ्हाडीने तासलेली,
पोटावर सुताराच्या पेन्सिलीने
फ्रेंचमध्ये एकच शब्द : चांगली.
नगरपालिकेचा निरीक्षक आला, तरुण, नम्र,
टॉर्च फिरवून म्हणाला, शिक्का दिसत नाही.
डेल्फिसने शब्द दाखवला.
निरीक्षकाने तो वाचला, टोपी काढून म्हणावं इतक्या आदराने,
आणि ‘नाही’च्या चौकटीत खूण केली.

हॅलिफॅक्सहून पारखी बाई आल्या, ब्रिजिट ओलिव्हर,
तीन तास गाडी चालवून.
तुळईखाली उताण्या पडल्या.
एकेक गाठ टेपने मोजली,
रेषांचा तिरकसपणा, चिरा, किड्यांची भोकं,
नखाने कड खरवडून वास घेतला.
तेवढ्या वेळात डेल्फिस तीनदा खाली जाऊन वर आला.

काठाला ही एक गाठ आहे, त्या म्हणाल्या,
नाहीतर एक नंबर दिला असता.
आणि हातशिक्का, जपून,
‘चांगली’पासून वीतभर लांब
टेकवला : २.

मला वाटलं, आता हा भडकणार.
पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यांचे शिक्के वाचलेला माणूस.
तो वाकून त्या गाठीशी गेला,
अंगठा ठेवला, अंगठा पुरला नाही.

आम्ही सहा भावंडं इथे झोपायचो, तो म्हणाला,
हिला घुबड म्हणायचो.
रात्री दिवा हलला की हिचा डोळा हलायचा,
थेरेस तर पांघरुणातून बाहेरच यायची नाही.
मग थोडं थांबून :
घुबडाने घालवला आपला पहिला नंबर.

ब्रिजिटबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा टेप काढला,
गाठ पुन्हा मोजली,
मान हलवली. तेवढीच होती.

मी हात पुढे केला तसा तो म्हणाला,
थांब, शाई ओली आहे.
खाली कॉफी उतू गेल्याचा वास आला
तरी बराच वेळ
शिडी कोणी हलवली नाही.