जात कुठली?

शिरोळच्या माळावर, हिरव्या जाळीखाली,
आदगोंडानं पेन कानावरून काढलं
आणि पावतीपुस्तक उघडत विचारलं,
“ताई, जात कुठली?”

मी दचकलेच.
राजारामपुरीत खोली बघताना हाच प्रश्न आला होता,
आडनावानं काम भागलं नाही तेव्हा,
सरबताचा पेला हातात देता देता.

त्यानं मान वर केली.
“तैवान देऊ, का को-दोन? का कूर्ग बघताय?”
म्हणजे पपईची.
म्हणजे मी निवडायची.

मग मी घाई केली नाही. वाफ्यावाफ्यातनं हिंडले.
तैवान: गर लाल, साल दणकट,
टेंपोत वाशीपर्यंत तक्रार करत नाही.
को-दोनचं फळ अडीच किलोचं, चीकही काढता येतो.
कूर्गमधे नर निघत नाहीत.
पुसाची बुटकी, पोरंटोरं उभ्यानं तोडतील.
“पाणी मात्र यातल्या एकीलाबी सोसत न्हाई,
वडणग्याचं रान म्हणताय, तर गादीवाफा उंच घ्या.
बुंध्याशी दोन दिस थांबलं की कारभार आटपला.”

आमच्या मोरीमागं एक आहे.
कुणी लावली नाही. बुलबुलानं टाकली असेल,
नाहीतर शांतूमामानं खाऊन थुंकली असेल.
दोन वर्षं नुसतीच लांब दांड्यांची फुलं.
आईनं चिडून खोडात खिळा ठोकला
आणि तिसऱ्या वर्षी ती धरली,
खिळ्यानं की कंटाळून, देव जाणे.
गर पिवळा. इतका मऊ
की लक्ष्मीपुरीच्या बाजारात पोचायच्या आत पाटीत फुटतो.
ती आम्ही परातीत कापतो, शेजारी वाटतो,
कुणी विचारत नाही कुठली ते.

दोनशे तैवान घेतल्या. व्यापारी लालच उचलतो.

शेवटच्या सरीला एक खड्डा उरला.
मोरीमागचं बी होतं, राखेत घोळून वाळवलेलं.
तीन दाणे टोकले.
सुजित डब्याच्या पत्र्याच्या पाट्या रंगवत होता.
“आई, हिच्यावर काय लिहू?”
“मोरीमागची.”
“ही काय जात झाली?”
“नाही. पत्ता आहे.”

नर की मादी ते सहा महिन्यांनी, फुलं आल्यावर कळेल.
तोवर खिळा चुलीमागच्या कोनाड्यात ठेवलाय.