नववा रांजण

आमच्या काखेतीत रांजण जमिनीत पुरतात,
गळ्यापर्यंत. वर फक्त तोंड उरतं.
माझे नऊ. आठ दरवर्षी धुतले जायचे
द्राक्षं उतरायच्या आधी.
नवव्यावर दगडी झाकण, झाकणावर माती,
मातीत मी लावलेला पुदिना.
अकरा वर्षं.

पाहुण्यांना सांगायचो, जुना द्राक्षारस मुरतोय खाली.
तसं खोटं नव्हतं. मुरतच होतं काहीतरी.

त्या साली भावाच्या सात ओळींची द्राक्षं
मी त्यात तुडवली होती.
मोजणीदारापुढे सही केली होती,
की अक्रोडापर्यंतची जमीन बापाने मला दिली.
बापाने असं काही दिलं नव्हतं.
एलिझबार बोलला नाही. टोपी उचलली
आणि नदीपलीकडे, बायकोच्या गावी राहायला गेला.
चर्चमध्ये मात्र एकाच म्हातारीकडून
आम्ही दोघे मेणबत्त्या घ्यायचो,
पाठीला पाठ लावून.

रांजण धुणारा ओनिसे, हाडकुळा,
कुठल्याही तोंडातून आत जाईल असे खांदे.
यंदा त्याने पुदिना उपटला, मला न विचारता.
झाकण सरकवलं.
जो वास आला त्याला शिरका म्हटलं
तर शिरक्याचा अपमान होईल.

दोन दिवस घाण उपसली.
मी म्हटलं, आता वरूनच पाणी ओत,
लांब काठीने घास, आत जायची गरज नाही.
तो म्हणाला, मालखाझ,
वरून धुतलेला रांजण
वरूनच धुतलेला असतो.

आधी दोरीने मेणबत्ती सोडली.
गळ्यापाशी जळली, पोटापाशी जळली,
तळाशी विझली.
खाली हवा मेलीय, तो म्हणाला.
मला वाटलं, सुटलो. आता हा उतरत नाही.
त्याने अक्रोडाची फांदी तोडली, वारा घातला,
पुन्हा मेणबत्ती, पुन्हा विझली,
पुन्हा वारा.
तिसऱ्यांदा ती जळत राहिली.

मग कमरेला दोर बांधून तो उतरला.
दोराचं टोक माझ्या हातात.
ज्याची घाण, त्याच्याच हातात
धुणाऱ्याचा जीव.
हे मी शंभरदा ऐकलं होतं
दुसऱ्या शब्दांत, भिंतीवरच्या चित्राखाली उभा राहून,
मनात पिंपांचा हिशेब करत.

आतून चेरीच्या सालीचा घासण्याचा आवाज.
राख, चुना, पाणी.
बादल्या वर येत गेल्या: काळी, तपकिरी,
एक अगदी रक्तासारखी,
मग एक, जिच्यात मला माझं नाक दिसलं.

शेवटचं पाणी मालकाने प्यायचं, ही आमची रीत.
पी, तो म्हणाला. नुकताच वर आला होता.
मी म्हटलं, कसा पिऊ?
यात काय होतं तुला ठाऊक नाही.
त्याच्या दाढीतून अजून ते ठिबकत होतं.
मला, तो म्हणाला,
मला ठाऊक नाही?

मी प्यालो.
पाणी होतं. किंचित चुना.

संध्याकाळी नदी ओलांडली.
झाडावर चढलेल्या त्या जकातदाराने
म्हणे चौपट फेडलं.
माझ्याकडे चौपट नव्हतं, सात ओळी होत्या
आणि तोंडात न बसणारं एक वाक्य.
एलिझबार दारात आला. माझी पांढरी बाही पाहिली.
कुठला धुतलास?
नववा.
त्यापुढचं त्याचं त्याच्याकडे असू दे.
बाकावर तो थोडा सरकला, एवढं सांगतो.

रांजण आता उघडा आहे. स्वच्छ, आणि रिकामा.
स्वच्छ म्हणजे भरलेला नव्हे, हे मला
माहीत नव्हतं.
तिकडे सात ओळींत घड अजून हिरवे,
गारगोटीसारखे. घाई करून चालत नाही.

काल एलिझबारची धाकटी, नातेला,
काठाशी पालथी पडून
आत स्वतःचं नाव ओरडली.
रांजणाने ते तिला परत दिलं,
अख्खं, जरा मोठं करून.
भेग नाही, काका, ती म्हणाली,
आणि पुन्हा ओरडली,
या वेळी माझं.