पापणीचा केस

अल खूदच्या प्रयोगशाळेत
काप घेताना एसी बंद करावा लागतो.
वाऱ्याने पाणी हलतं,
आणि पाण्यावर तरंगत असतं कुणाचं तरी नाक,
सत्तर नॅनोमीटर जाडीचं.
बाहेर मस्कत सत्तेचाळीस अंशांवर.
आत माझी मान ओली, श्वास रोखलेला.

सुरी हिऱ्याची आहे.
आयुष्यात हाताशी आलेला एकच हिरा,
तोही सरकारी.
त्याच्या धारेवरून वर-खाली होतो रेझिनचा ठोकळा,
त्यात ऑस्मियमने काळा केलेला
तिळाहून लहान तुकडा.
काप सुटत जातात, एकाला एक चिकटून.
जांभळे आले तर जाड, टाकून द्यायचे.
सोनेरी चालतील.
हवे असतात चांदीसारखे.
सोन्यापेक्षा चांदी बरी म्हणणारी
या शहरात मी एकटीच असेन.

त्यांना बोट लावता येत नाही,
चिमटा लावला तर फाटतात.
टूथपिकच्या टोकाला
नेलपॉलिशने चिकटवलेला पापणीचा केस,
त्यानेच हळूच ढकलत न्यायचे जाळीकडे.
केस माझाच.
चार वर्षांपूर्वी आरशासमोर गालावर सापडला.
मुठीवर ठेवून काही मागायचं, फुंकर मारायची,
ते राहून गेलं.
झाकणीत बंद करून कामावर घेऊन आले.

देवरुखच्या शाळेत मोहिते बाईंनी
फळ्यावर लिहिलं होतं, पक्ष्माभिका.
म्हणताना जीभ अडखळायची, आम्ही हसायचो.
पक्ष्म म्हणजे पापणीचा केस गं, बाई म्हणाल्या,
तसलेच, पण फार बारीक,
नाकात, श्वासाच्या वाटेवर दाटीने उभे असतात,
सारखे हलतात, धूळ बाहेर लोटतात.
त्या वयात कुणाला वाटलं होतं
की पापणीच्या केसाने पापणीचे केस
तांब्याच्या जाळीवर गोळा करत बसेन.

चिठ्ठीवर नाव : खलफान. वय सात. गाव सूर.
जन्मापासून खोकला.
त्याखाली डॉक्टर शमसांच्या पेन्सिलीने :
हृदय उजवीकडे.

यंत्राच्या नळीत हवा चालत नाही.
सगळी हवा काढून घेतल्यावरच कळतं
एका मुलाचा श्वास कुठे अडतो.
खोली अंधारी, पडदा हिरवा,
ऐंशी हजार पट.

फेर दिसला.
बाहेर नऊ जोड्या, मध्ये दोघी,
कुणी चुकलं नाही, कुणी गळलं नाही.
पण प्रत्येक जोडीने शेजारच्या जोडीकडे
दोन इवले हात पुढे करायचे असतात,
त्या हातांच्या ओढीने केस वाकतो, सरळ होतो.
हात नव्हते.

काप तिरपा गेला असेल.
दुसरा बघितला. मग पुढचा.
पन्नास मोजले, शंभर मोजले,
एका ठिकाणी वाटलं, आहे!
तो शिशाचा डाग होता, माझ्याच रंगवण्यातला.
डॉक्टर म्हणाल्या, उद्या ताज्या डोळ्यांनी बघ.
उद्या ताज्या डोळ्यांनी बघितलं.
नऊ जोड्या. मध्ये दोघी.
फेर धरलेला, हात कुणीच धरलेले नाहीत.

दुपारी कान-नाक-घशाच्या दारासमोर
पांढऱ्या दिशदाशातली पाच-सहा मुलं बसली होती,
त्यांतला एक खोकत होता,
ओला, खोल खोकला,
आणि मधेच टोपी नीट करून हसत होता.
तोच असेल असं काही नाही.
धुळीचे दिवस आहेत, सगळेच खोकतात.
मी त्याच्या छातीच्या उजव्या बाजूकडे
नको तेवढा वेळ बघत राहिले.
त्याच्या आईने माझ्याकडे बघितलं
तेव्हा पाणी प्यायला म्हणून वळले.

संध्याकाळी सुरी धुतली, एसी लावला.
टूथपिक मुठीवर आडवी ठेवून बघितली,
केसासकट.
फुंकर मारली नाही.
निखळून उडून गेला असता
तर उद्याचं काम अडलं असतं.