फ्री थ्रोच्या रेषेवर

डेटन, ओहायो. नोव्हेंबरातला मंगळवार.
पहाटे पावणेपाचला मी चर्चच्या जिमचं दार उघडतो
आणि दिवे कुरकुरत एकेक करून जागे होतात.
कोर्टावर आठ मतदान-कक्ष काल रात्रीच मांडलेत.
रांग सुरू होते बरोबर फ्री थ्रोच्या रेषेपासून.
हे मी ठरवलेलं नाही,
यंत्राची वायर तिथपर्यंतच पोचते.

भिंतीवर माझ्या अक्षरात पाटी आहे:
रस्त्यावरचे जोडे घालून कोर्टावर येऊ नये.
आज तिच्यावर कागद चिकटवतो.
लोकशाहीला काही
मोजे घालून ये म्हणता येत नाही.

माझा मुलगा टेव्हिन, वय तेरा, पाय बारा नंबरचा.
ऑगस्टात घेतलेले स्नीकर्स ऑक्टोबरात
अंगठ्याला लागायला लागले.
एकशे चाळीस डॉलर.
व्हर्नेलनं पावती फ्रिजवर लावून ठेवलीय,
त्यानं नाही, मी वाचावी म्हणून.
रात्री तो टूथब्रश ओला करून
त्यांच्या पांढऱ्या कडा घासतो.
दात मात्र सांगितल्याशिवाय घासत नाही.

मला त्याच्या वयात थोरल्या थडियसचे बूट मिळायचे,
टाचेत वर्तमानपत्राचा बोळा.
खेळाचं पान मऊ लागतं, निवडणुकीचं टोचतं,
असं थडियस म्हणायचा.
कागद एकच होता.

आणि त्याच्याही आधी आमचे वडील, क्लिओफस,
अलाबामात, सन एकोणपन्नास,
शाळेचा संघ, एकोणीस सामने, एकही हार नाही.
मास्तरांनी पेन्सिलीनं लिहिलेली गुणांची वही
आमच्या कपाटात आहे.
राज्याच्या विक्रमांच्या पुस्तकात त्या साली
दुसऱ्याच शाळेचं नाव आहे.
पुस्तक त्यांचं होतं.

त्याच कॅनव्हासच्या बुटांनी पुढे ते
मतदार यादीत नाव घालायला कचेरीत जायचे.
जोडे झिजवणं म्हणतात ते खरोखरचं,
तळव्याला डांबर लागेपर्यंत.
सहाव्या खेपेला कारकुनानं विचारलं,
या कचेरीला पायऱ्या किती?
सतरा, वडील म्हणाले. दर वेळी मोजल्यात.
कारकुनानं खिडकी लावली, जेवायची वेळ झाली म्हणून.
सकाळचे सव्वानऊ वाजले होते.

परवाच्या रविवारी उपासनेनंतर
उमेदवार आला होता हात मिळवायला.
चकचकीत कातडी बूट,
या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला
आणि लाकडावर काळे ओरखडे उठवत गेला.
पाद्री आमेन म्हणाले. सवयीनं मीही म्हणालो.
टेव्हिन खालीच बघत होता.
म्हणाला, पप्पा, ह्यानं पाटी वाचली नाही.

घरी मी व्हर्नेलला म्हटलं,
माणसानं कुणावर तरी विश्वास ठेवावा की नाही?
ती बटाटे सोलत होती.
विश्वास देवावर ठेव, म्हणाली,
ह्यांच्यावर लक्ष ठेव.

मी त्यालाच मत दिलं.
दुसऱ्यानं तर आमचा रस्ताही पाहिलेला नाही.

दिवसभर पावलं. ओल्या पानांची, नर्सांच्या रबरी बुटांची,
ऑक्सिजनची नळी लावलेल्या मिसेस ऑझबर्नची,
जी खुर्ची दिली तरी उभीच राहिली.
साडेसातला केंद्र बंद.

आता कक्ष दुमडून भिंतीशी लावलेत.
झाडूच्या दांड्याला टेनिस बॉल खोचून
टेव्हिन ओरखडे घासतोय. जातात बहुतेक.
एक जात नाही, नेमका रेषेवरचा.
राहू दे, मी म्हणतो.
टीव्ही लागलाय वरच्या खोलीत, कुणीतरी ओरडतं,
आनंदानं की कशानं, कळत नाही.

तो स्नीकर्स काढून ठेवतो, अंगठा दुखतोय.
नुसत्या मोज्यांवर त्या डागाशी उभा राहतो, टाकतो.
बॉल कड्यावर आपटून माझ्या पायाशी येतो.

आजोबांनी किती मोजल्या होत्या पायऱ्या?
सतरा.
मग सतरा टाकतो, तो म्हणतो.

मी किल्ल्या परत खिशात ठेवतो.