सहा फूट दोन इंच

तळघराचं छत सहा फूट दोन इंचांवर.
बाप ताठ उभा राहिला की टोपी तुळईला घासते.
त्यातून वजा करा कुंडी, दिवा, दिव्याची साखळी,
पानं भाजू नयेत म्हणून सोडलेली हातभर हवा.
उरतं ते चार झाडांचं आभाळ.
चारच. कायदा तेवढीच देतो,
आणि बापाने आयुष्यात एक सिग्नल तोडलेला नाही.

बाहेर थंडर बे, फेब्रुवारी, उणे एकतीस.
बंदरातल्या बर्फावर मासे धरणाऱ्यांची खोपटी.
खाली मात्र सव्वीस अंश, पंख्याची घरघर,
आणि टोमॅटोचं पान चुरडल्यावर येतो तसा,
पण त्याहून आगाऊ वास.

कागदाच्या गिरणीत तो चौतीस वर्षं क्रेनवर होता.
खालून कुणी बोट फिरवायचं,
हा वरून ओंडके उतरवायचा, झोपलेलं मूल ठेवावं तसे.
आता दिवा उतरवतो.
एक कडी. थांब. आणखी एक.
पंजा उपडा करून शेंड्यावर धरतो, तीस मोजतो.
माझ्या हाताला सोसत नाही ते हिलाही सोसत नाही, म्हणतो.

गेल्या साली चूक झाली.
दिवा उंच टांगला, वीज हात आखडून दिली
(बिल आईच्या नावावर येतं, ती ते मोठ्याने वाचते)
आणि रोपं उजेडामागे धावली.
पेरापेरात वीतभर अंतर, माना काडीसारख्या,
फुलावर येताच पंधरा दिवसांत दुप्पट.
शेवटी दिव्याला टेकून करपली.
"उजेड लांब होता गं," फोनवर म्हणाला,
"म्हणून नुसतीच वाढली."
मी तेव्हा व्हँकुव्हरला, चौदाव्या मजल्यावर,
दुसऱ्या नोकरीला निघालेली.
हं, म्हटलं.

यंदा निळा जास्त, लाल बेताचा.
निळ्यात झाड बसकं राहतं, जाड बुंध्याचं, हट्टी,
टुंड्रातल्या बर्चसारखं.
तरी कोपऱ्यातली एक ऐकत नाही.
तिला तो मऊ तारेने वाकवतो, कुंडीच्या काठाला बांधतो
आणि बांधताना फिनिशमध्ये माफी मागतो.
आमच्याशी ती भाषा तो फक्त रागावताना बोलला.

हे सगळं आईच्या बोटांसाठी.
त्यांना आता कपाचा कान धरवत नाही.
रात्री राईच्या पावावर चमचाभर लोणी, त्यात हे.
गुण येतो का, विचारलं.
झोप येते, म्हणाली, आणि पाव माझ्यापासून लांब सरकवला.

संध्याकाळी सात. टायमर टक्कन वाजतो,
जांभळं तळघर विझतं.
आता बारा तास काळोख, सलग.
मध्येच उजेड शिरला तर फुलं गोंधळतात.
फ्रीझरवर एक हिरवा ठिपका तेवढा जागा,
मुगाएवढा.
बाप खिशातून काळी चिकटपट्टी काढतो,
दातांनी तोडतो, वाकून चाचपडत जातो.

"रेइनो, अजून काय चाललंय खाली?"

"रात्र नीट लावतोय," तो म्हणतो,
आणि उठताना तुळईला डोकं आपटतो.